काकांच्या नावावरचे जॉब

शनिवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला की आमच्या घरात आता कुणी घाबरत नाही. पूर्वी आई दचकायची, कुणी गेलं-बिलं की काय म्हणून. आता तिला माहीत झालंय, गेला असेल तर सर्व्हर गेला असेल. "तुझाच असणार," म्हणून ती कूस बदलते.

त्या शनिवारी सर्व्हर गेला नव्हता. चालू होता, पिंगला उत्तर देत होता, लॉगिन होत होतं. फक्त ऑर्डर घेत नव्हता. आमच्या क्लायंटचा माल वाटपाचा धंदा आहे आणि शनिवार सकाळ म्हणजे त्यांचा गर्दीचा वेळ. गोदामात माणसं उभी, ट्रक उभे आणि स्क्रीनवर लाल अक्षरं. सपोर्टच्या मुलाने एरर वाचून दाखवली. ९००२. ट्रान्झॅक्शन लॉग भरलाय.

ज्यांचा डेटाबेसशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (ज्यांचा येतो त्यांनी चहा घेऊन या.) एसक्यूएल सर्व्हरमध्ये कुठलाही बदल करायचा तर तो आधी लॉगमध्ये लिहिला जातो. वाण्याच्या कच्च्या वहीसारखं. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये असेल तर ही कच्ची वही आपोआप पुसली जात नाही. तिचा बॅकअप घेतला की मगच आतली पानं पुन्हा वापरायला मोकळी होतात. म्हणून दर १५ मिनिटांनी लॉगचा बॅकअप घेणारा एक जॉब लावलेला असतो. तो जॉब बंद पडला की वही वाढत जाते, वाढत जाते आणि एक दिवस डिस्क संपते. आमची १२० जीबीची डिस्क संपली होती. एरवी तो लॉग सहा-सात जीबीच्या पुढे जात नसे.

म्हणजे जॉब बंद होता. बघितलं तर बंद नव्हता. एनेबल्ड होता, शेड्यूल बरोबर होतं, दर १५ मिनिटांनी इमानेइतबारे सुरू होत होता आणि त्याच सेकंदाला फेल होत होता. हिस्टरीत एकच निरोप परत परत. या जॉबच्या मालकाला सर्व्हरवर प्रवेश आहे की नाही हे ठरवता येत नाही, कारण त्या नावाच्या विंडोज युजरची माहिती मिळत नाही. एरर १५४०४. आणि कंसात मालकाचं नाव.

काका!

काका म्हणजे आमचे सिनियर डीबीए. वय फार नाही, पंचेचाळीस असेल, पण अकरा वर्षं एकाच कंपनीत काढलेला माणूस आमच्या धंद्यात आपोआप काका होतो. महिन्याभरापूर्वी ते सोडून गेले. केक कापला, घड्याळ दिलं, फोटो काढले. शेवटच्या दिवशी आयटीवाल्यांनी त्यांचं अकाउंट डिसेबल केलं आणि नियमाप्रमाणे ३० दिवसांनी कायमचं डिलीट केलं. ते तिसावे दिवस सोमवारी भरले होते.

आता इथली गंमत बघा. एसक्यूएल सर्व्हर एजंटमध्ये जो जॉब बनवतो तो त्याचा मालक होतो. कुणी विचारत नाही, "बाबा रे, मालक कुणाला करू?" खिडकी उघडते तेव्हा ओनरच्या रकान्यात तुमचं नाव आधीच भरलेलं असतं. आपण जॉबचं नाव टाकतो, स्टेप टाकतो, शेड्यूल टाकतो, ओके म्हणतो. त्या रकान्याकडे मी तरी पहिली पाच वर्षं बघितलंसुद्धा नव्हतं. आणि आत, एमएसडीबी डेटाबेसच्या सिसजॉब्स टेबलमध्ये, ते नाव नाव म्हणून राहत नाही. राहतो तो त्या माणसाचा एसआयडी, म्हणजे एक लांबलचक बायनरी आकडा. जॉब चालवायची वेळ झाली की एजंट त्या आकड्यावरून माणूस शोधतो, त्याला सर्व्हरवर प्रवेश आहे का आणि तो सिसअ‍ॅडमिन आहे का ते बघतो आणि मग पहिली स्टेप सुरू करतो.

काकांना सर्व्हरवर स्वतःच्या नावाचं लॉगिन नव्हतं. डीबीए लोकांचा एक विंडोज ग्रुप होता, त्यातून ते आत यायचे. आम्ही सगळेच तसे यायचो, तीच चांगली पद्धत समजतात. पण त्यामुळे काकांची ओळख पटवायला एजंटला दर वेळी डोमेनकडे विचारणा करावी लागायची. महिनाभर डोमेन म्हणत होतं, "हो, आहेत." सोमवारच्या रात्री त्याने सांगितलं, "असं कुणी नाही."

असो. तर सकाळचे साडेसात. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो सगळ्यांच्याच येतो. रिकव्हरी मॉडेल सिंपलला टाकावं, लॉग रिकामा करावा, आणि परत झोपावं. माऊस तिथपर्यंत नेलासुद्धा होता. काय वाटलं कोण जाणे, काकांना फोन लावला. नोकरी सोडलेल्या माणसाला शनिवारी साडेसातला फोन करणं हा खरं म्हणजे गुन्हा आहे.

"बोल रे," दुसऱ्या रिंगला उचलला. मागे कुकरची शिट्टी.

"काका, सॉरी हां. ऑर्डरच्या डेटाबेसचा लॉग भरलाय. लॉग बॅकअप तुमच्या नावावर आहे आणि..."

"अकाउंट उडवलं असणार." एक क्षण थांबून म्हणाले, "सिंपलला टाकलंस का?"

"नाही अजून."

"टाकू नकोस. चेन तुटेल. आधी लॉगचा बॅकअप हाताने घे, दुसऱ्या डिस्कवर. तो भरलेल्या लॉगचाही होतो. सगळं त्या लॉगमध्येच आहे, काही हरवलेलं नाही. मग मालक बदल. फाइल लहान करायचं दुपारी बघ, आत्ता घाई नको."

पाऊण तास लागला त्या बॅकअपला. त्या पाऊण तासात मी काय काय देव आठवले ते इथे सांगत नाही. मग एसपी अपडेट जॉब ही प्रोसीजर चालवून मालकाच्या जागी एसए केला. (सिसजॉब्स टेबलमध्ये थेट अपडेट मारू नका, एजंटला ते कळत नाही. तो आपल्या आठवणीतल्या जुन्या माहितीवर चालत राहतो. प्रोसीजर त्याला निरोप देते.) पुढच्या १५ मिनिटांच्या ठोक्याला जॉब हिरवा झाला. साडेआठला गोदामातले ट्रक हलले. हुश्श!

मॅनेजर साहेबांचा फोन आला. "कधीपासून बंद होतं?" मी हिस्टरी बघून छातीठोकपणे सांगितलं, "काल सकाळपासून."

साफ चूक. एजंट डीफॉल्ट सेटिंगला एका जॉबच्या हिस्टरीच्या १०० ओळीच ठेवतो. सगळ्या जॉबच्या मिळून १०००. दर १५ मिनिटांनी फेल होणारा जॉब दिवसाला ९६ ओळी लिहितो. म्हणजे एका दिवसाच्या थोडं मागे गेलं की पुरावाच नाही. जितक्या वेळा जॉब फेल होतो तितक्या लवकर तो आपण पहिल्यांदा कधी फेल झालो हे विसरतो. खरी तारीख मिळाली ती दुसरीकडे, एमएसडीबीच्याच बॅकअपसेट टेबलमध्ये. तिथे प्रत्येक यशस्वी बॅकअपची नोंद असते आणि लॉगच्या बॅकअपला एल हा प्रकार लिहिलेला असतो. शेवटचा एल होता मंगळवारचा, पहाटे पावणेदोनचा.

सव्वाचार दिवस!

या सव्वाचार दिवसांत ती डिस्क मेली असती तर काय झालं असतं याचा हिशोब मी चहा पिता पिता मांडला. रोज रात्रीचा फुल बॅकअप चालू होता, नशीब. तो जॉब इन्स्टॉलेशनच्या वेळचा, एसएच्या नावावरचा. म्हणजे फार तर एका दिवसाच्या ऑर्डर गेल्या असत्या. आमच्या करारात लिहिलंय, १५ मिनिटांपेक्षा जास्त काही जाणार नाही. चहा गार झाला.

पुढचा प्रश्न. चार दिवस जॉब फेल होत होता तर मेल का आली नाही? फेल झाल्यावर मेल पाठवायची सोय केलेलीच होती. ऑपरेटर नेमलेला होता. ऑपरेटरचा पत्ता बघितला, तर काकांचा ऑफिसचा मेल! जॉब सव्वाचार दिवसांत चारशेच्या वर वेळा ओरडला आणि प्रत्येक वेळी अशा माणसाच्या नावाने ओरडला ज्याचा मेलबॉक्स त्याच सोमवारी त्याच नियमाने गेला होता.

शनिवारी संध्याकाळी मित्रांबरोबर सिनेमा ठरला होता. नाही गेलो. लॅपटॉप उघडून बसलो. एका जॉबची ही गत, तर बाकीच्यांचं काय? आमच्याकडे एसक्यूएल सर्व्हरच्या १४ इन्स्टन्स. प्रत्येकीवर जाऊन एकेका जॉबची खिडकी उघडून बघायचं म्हटलं तर सोमवार उजाडेल. म्हणून स्क्रिप्ट.

पहिली स्क्रिप्ट दहा मिनिटांत झाली. सिसजॉब्स घेतलं, लॉगिनच्या यादीला एसआयडीवर जोडलं, मालकाचं नाव आणि त्याचे जॉब मोजले. यादी आली. तिच्यात काका नाहीतच! सकाळी तर त्यांच्याच नावाने बोंब झाली होती. मी खूश, म्हटलं चला, तो एकच जॉब होता.

जेवून आल्यावर सहज बेरीज केली. एजंटच्या यादीत जॉब ३१२, माझ्या यादीत २०९. १०३ जॉब गेले कुठे?

डोक्यात उजेड पडला तेव्हा स्वतःच्याच कपाळावर हात मारला. मी इनर जॉइन लावला होता. इनर जॉइन दोन्हीकडे सापडतं तेच दाखवतो. काकांचं स्वतःचं लॉगिन सर्व्हरवर नव्हतंच, ग्रुपचं होतं. म्हणजे जे जॉब मला शोधायचे होते नेमके तेच माझ्या स्क्रिप्टने गाळून टाकले होते. हरवलेल्या मुलांची मोजदाद करायला वर्गात हजेरी घेण्यासारखं! लेफ्ट जॉइन केला आणि नाव काढायला एसयूसर एसनेम हे फंक्शन लावलं. एसआयडीवरून माणूस सापडला तर ते नाव देतं, नाही सापडला तर नल. आता यादी भरली.

एव्हाना पॉवरशेलमध्ये एक लूप लिहून झाला होता. टेक्स्ट फाइलमध्ये १४ इन्स्टन्सची नावं, लूप प्रत्येकीवर जाऊन तीच क्वेरी मारतो आणि सगळं एका सीएसव्हीत टाकतो. (डीबीएटूल्स नावाचं एक मोफत पॉवरशेल मॉड्यूल आहे, त्यात जॉबचा मालक तपासायची तयार कमांड मिळते. मला ते रविवारी कळलं. शनिवारची संध्याकाळ गेली ती गेलीच.) तपासायच्या गोष्टी चार ठेवल्या.

एक, मालकाचं नाव नल येतंय का. हे मेलेले किंवा मरायला टेकलेले जॉब.

दोन, मालक ठरवून दिलेल्या यादीत आहे का. आमची यादी दोन नावांची. एसए, आणि रिपोर्टिंगच्या कामांसाठी बनवलेलं, कमी अधिकारांचं एक लॉगिन. यात एक बारकावा आहे. काही ठिकाणी सुरक्षेसाठी एसएचं नाव बदललेलं असतं, म्हणून नाव एसए आहे का हे बघायचं नाही. त्याचा एसआयडी सगळीकडे एकच असतो, शून्य एक्स शून्य एक. तो बघायचा. एसए डिसेबल करून ठेवला असला तरी तो जॉबचा मालक राहू शकतो, त्याने काही बिघडत नाही.

तीन, मालक जिवंत हाडामांसाचा माणूस आहे का. आज कंपनीत आहे, उद्या नसेल.

चार, जॉब चालू आहे पण फेल झाल्यावर कुणालाच मेल जात नाही, किंवा सोडून गेलेल्या माणसाला जाते. मालकी म्हणजे नुसतं नाव नव्हे, हाक मारल्यावर ओ देणारा कुणी आहे का, हेही बघायला हवं ना.

रात्री एक वाजता यादी हातात आली. ३१२ जॉब, २३ मालक. त्यातले सहा जण कंपनी सोडून गेलेले. काकांच्या नावावर ५८. बहुतेक रात्रीचे, आठवड्याचे, महिन्याचे मेंटेनन्सचे जॉब. इंडेक्स नीट करणारे, जुना कचरा काढणारे. चार रात्री त्यातला एकही चालला नव्हता आणि कुणाला पत्ता नव्हता. अशा कामांचं तसंच असतं. होतात तोवर दिसत नाहीत, होत नाहीत तेव्हाही लगेच दिसत नाहीत.

मग मी तो मूर्खपणा केला जो रात्री एक वाजता माणूस करतो. म्हटलं यादी आहे, लूप आहे, एसए आहे, फिरवून टाकू! निदान एका सर्व्हरवर तरी. एंटर दाबलं, ४० जॉब एसएच्या नावावर, मी झोपलो.

रविवारी सकाळी पोह्यांवर बाबांना हे सगळं सांगितलं. बाबांचं कॉम्प्युटरशी नातं रेल्वे तिकिटापुरतं. पण ऐकून ते हसायला लागले.

"म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावर सातबारा."

"म्हणजे?"

"आपल्या गावच्या जमिनीवर अजून आजोबांचं नाव आहे. लाइटचं बिलसुद्धा त्यांच्याच नावाने येतं. भरतो आम्ही, चालतंय सगळं."

आजोबा २००९ साली गेले. सातारा जिल्ह्यात आमची थोडी जमीन आहे, चुलते कसतात. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात वारसाने हक्क मिळाला की तीन महिन्यांत कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, प्रतिज्ञापत्र. मग गाव नमुना सहा-क मध्ये वारसाची नोंद, सहा मध्ये फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची सही, आणि मग सातबाऱ्यावर नवं नाव. बाबांना हे सगळं तोंडपाठ. फक्त केलेलं नाही. "चालतंय ना," म्हणून राहिलं. गेल्या वर्षी चुलत्यांना पीककर्ज हवं होतं तेव्हा पहिल्यांदा अडलं.

मला ते "चालतंय ना" टोचलं. का ते पुढे सांगतो.

सोमवारी साडेनऊला रिपोर्टिंगच्या टीममधली एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "माझे जॉब गायब झालेत. सगळे."

जॉब गायब झाले नव्हते. तिला एमएसडीबीमध्ये एसक्यूएल एजंट युजर रोल होता. २००५च्या आवृत्तीपासून असे तीन रोल आहेत, युजर, रीडर आणि ऑपरेटर. युजर रोलवाल्याला फक्त स्वतःच्या मालकीचे जॉब दिसतात, दुसऱ्याचे नाही. मी मालक एसए केला आणि बिचारीच्या डोळ्यांसमोरून तिचं दोन वर्षांचं काम नाहीसं झालं. तिला ते परतही घेता येईना, कारण मालक बदलायचा अधिकार फक्त सिसअ‍ॅडमिनला.

हे तर नुसतं दिसण्याचं. खरी भानगड त्याहून मोठी. मालक सिसअ‍ॅडमिन नसेल तर जॉबची टी-एसक्यूएल स्टेप त्या मालकाच्या अधिकारात चालते, म्हणजे त्याला जेवढं करता येतं तेवढंच तिला. मालक सिसअ‍ॅडमिन असेल तर तीच स्टेप एजंटच्या सर्व्हिस अकाउंटच्या अधिकारात चालते. म्हणजे रिपोर्टसाठी लिहिलेली, चार जणांना बदलता येणारी एक साधी प्रोसीजर माझ्या त्या एंटरमुळे अख्ख्या सर्व्हरच्या किल्ल्या कमरेला लावून फिरायला लागली होती. त्या प्रोसीजरमध्ये कुणी काहीही लिहिलं असतं तरी ते चाललं असतं. रविवारभर. कुणी लिहिलं नाही हे आमचं भाग्य.

आणखी दोन धडे त्याच आठवड्यात मिळाले. मेंटेनन्स प्लॅनमधून बनलेल्या जॉबचा मालक नुसता बदलून उपयोग नाही. कुणीतरी पुढे प्लॅन उघडून सेव्ह केला की जॉब परत प्लॅनच्या मूळ मालकाच्या नावावर जातो. त्यामुळे आधी प्लॅनचा मालक बदलायचा. आणि रिपोर्ट सर्व्हरने सबस्क्रिप्शनसाठी बनवलेले, नावाच्या जागी आकडे-अक्षरांची लांब माळ असलेले जॉब. त्यांच्या वाटेला जायचंच नाही, ते त्या सर्व्हिसचे आहेत.

कुणी म्हणेल, मग टीमच्या ग्रुपलाच मालक करा की. तेही होत नाही. जॉबचा मालक ग्रुप असू शकत नाही, एकच कुणीतरी लागतो. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, हे मायक्रोसॉफ्टलाही माहीत असावं :)

म्हणून आता स्क्रिप्ट स्वतः काही बदलत नाही. दर सोमवारी सकाळी आठला चालते, चारही तपासण्या करते, आणि फक्त गडबड असलेले जॉब मेलने पाठवते. सोबत बदलायच्या कमांड लिहून देते, पण चालवते ती माणूस, वाचून, विचारून. मेल कुणा एकाला जात नाही, टीमच्या पत्त्यावर जाते. यादी रिकामी असली तरी "आज काही नाही" अशी मेल येते, म्हणजे मेल आली नाही तर स्क्रिप्टच मेली हे कळतं. आणि हो, त्या तपासणाऱ्या जॉबचा मालक कोण, हा प्रश्न टीममध्ये तिघांनी विचारून झालाय. एसए. धन्यवाद.

आता ते टोचण्याचं.

सोमवारी दुपारी आरसीए लिहायचा होता. आमच्याकडे फॉर्म आहे, त्यात "मूळ कारण" असा रकाना. साहेब म्हणाले, "सरळ आहे. सोडून जाणाऱ्याने मालकी हस्तांतर केली नाही. लिही आणि पाठव, क्लायंट थांबलाय." त्यांचं तसं चूक नव्हतं. जॉब काकांच्या नावावर होता, ऑपरेटर काका होते, काका गेले. शिवाय काका आता इथे नाहीत, त्यांना काय फरक पडतो?

मी ते वाक्य लिहिलंसुद्धा. मग हॅण्डओव्हरची चेकलिस्ट जोडायची म्हणून उघडली. ४६ ओळी. पासवर्ड, डॉक्युमेंट, व्हेंडरचे फोन नंबर. प्रत्येक ओळीपुढे "तपासले" च्या रकान्यात एकच नाव. माझं. हॅण्डओव्हर मीच घेतला होता. आणि तेव्हा, काकांच्या शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी, चारच्या चहाला, ते म्हणाले होते, "एजंटचे जॉब एकदा बसून बघू या का रे? माझ्या नावावर बरंच काही असेल." आणि मी म्हणालो होतो, "काका, चालतंय ना सगळं? मग कशाला?" घाई होती मला. त्या दिवशी मॅच होती.

हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांना आठवत असेल, नसेल. शनिवारी फोनवर ते एका शब्दाने काही बोलले नाहीत.

अर्धा तास त्या रकान्याकडे बघत बसलो. अप्रेझल दोन महिन्यांवर होतं, खोटं कशाला बोलू, तेही डोक्यात आलं. शेवटी लिहिलं, "हॅण्डओव्हर घेताना जॉबची मालकी आणि ऑपरेटरचे पत्ते तपासले नाहीत. जाणाऱ्याने सुचवूनही घेणाऱ्याने टाळले." घेणारा म्हणजे मी हे खाली सहीतच होतं. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, "नक्की?" म्हणाले आणि पाठवून दिलं. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. क्लायंटकडून दोन ओळींचं उत्तर आलं, पुन्हा होऊ नये यासाठी काय केलंत ते कळवा. ते सांगायला स्क्रिप्ट होतीच.

बुधवारपर्यंत काकांच्या नावावरचे सगळे ५८ जॉब हलवले. २२ तर कधीचे डिसेबल होते, ते विचारून काढून टाकले. शेवटचा बदलताना जरा विचित्र वाटलं, खरं सांगतो. त्यातला एक जॉब त्यांनी आले त्या वर्षी बनवलेला होता. अकरा वर्षं रोज रात्री दोन वाजता न चुकता चाललेला. त्यांच्या निरोपाचा केक आम्ही दहा मिनिटांत संपवला होता.

संध्याकाळी त्यांना मेसेज केला. "काका, आता तुमच्या नावावर एकही जॉब नाही. शनिवारबद्दल सॉरी आणि थँक्स. आणि त्या गुरुवारबद्दलही सॉरी."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "छान केलंस. आता फोन आला तर नुसत्या गप्पांचा समजेन." आणि खाली अजून एक ओळ. "तुझ्या नावावर किती आहेत?"

मी शनिवारची ती सीएसव्ही परत उघडली. काकांचे ५८ शोधण्याच्या नादात त्यांच्या खालच्या ओळीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

३७. माझं नाव.

ते आता शून्य आहेत. बाबांनीही मागच्या आठवड्यात वारस नोंदीचा अर्ज दिला. फेरफाराची नोटीस निघाली की पुढचं. तुमच्यापैकी कुणी सर्व्हरबिर्व्हर सांभाळत असाल तर सोमवारी सकाळी पहिला चहा व्हायच्या आत मालकांची यादी काढून बघा. लेफ्ट जॉइन लावायला विसरू नका. आणि सोडून गेलेल्यांची नावं शोधण्याआधी स्वतःचं शोधा.